तीन सह्या आणि एक ओला ट्रान्सफॉर्मर

हे प्रकरण बडोद्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमधलं आहे. मी तेव्हा तिथे गुणवत्ता सांभाळत होते आणि ज्या कागदावरून पुढचं सगळं घडलं, त्यावरची तिसरी सही माझी होती. वर्कशॉपचं, ग्राहकाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. कामाचा क्रम आणि कोणी कुठे काय ठरवलं, ते मात्र जसं घडलं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमची शेड होती. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर बनवणारे कारखाने पुष्कळ, त्यामुळे दुरुस्तीची कामंही बारा महिने येतात. जळालेला किंवा तेल खराब झालेला ट्रान्सफॉर्मर यायचा. आम्ही तो उघडायचो, कॉइल नव्याने गुंडाळायचो, कोर-कॉइल (लोखंडी गाभा आणि त्यावरच्या कॉइल) ओव्हनमध्ये वाळवायचो, टाकीत बसवून तेल भरायचो, टेस्ट करायचो आणि परत पाठवायचो.

टीम सात जणांची. वाइंडिंगला, म्हणजे कॉइल गुंडाळायला, दोन बेन (गुजरातीत ताई), ओव्हनवर दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, आयटीआयमधून आलेला एक ॲप्रेंटिस, एक टेस्टिंग इंजिनिअर आणि सुपरवायझर. मी आणि मालक वेगळे. ओव्हनवरच्या थोरल्या ऑपरेटरला सगळे 'भाई' म्हणायचे. वीस वर्षं त्यांनी तो एकच ओव्हन सांभाळला होता. सुपरवायझर आमच्यातलेच, मराठी, बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेले. त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत. टेस्टिंगची मुलगी कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, शिकून आलेली, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं.

ही टीम फार चांगली होती. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून उलटं वाटेल. कोणाच्या घरी आजारपण असलं तर दुसरा न सांगता त्याची पाळी उचलायचा. वाइंडिंगमध्ये एक बेन थकली की दुसरी तिचे वेढे पूर्ण करायची आणि कार्डावर नाव पहिलीचंच ठेवायची. माझं काम, तुझं काम अशी भाषाच नव्हती. बाहेरून आलेला माणूस म्हणायचा, इथे भांडणं होत नाहीत का? होत नव्हती.

वाळवण्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळं प्रकरण तिथेच अडकलेलं आहे. कॉइलवर कागदाचं इन्सुलेशन असतं आणि कागद हवेतलं पाणी शोषतो. साधारण शंभर अंशांच्या आसपास कोर-कॉइल तापवत ठेवून ते पाणी काढतात. पाणी गेलं की नाही, हे घड्याळावरून ठरत नाही, मेगरवरून, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावरून ठरतं. तापायला लागल्यावर इन्सुलेशनचा रोध आधी खाली येतो. ओल निघू लागली की तो चढतो आणि मग काही तास तिथेच स्थिर राहतो. स्थिर झाला म्हणजे वाळलं. आमच्या रजिस्टरमध्ये दर तासाला तापमान आणि दर चार तासांनी मेगरचं रीडिंग लिहायचं होतं. ५०० केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरला आम्ही साधारण ४८ तास धरायचो, पण तो फक्त अंदाज. खरा निकाल मेगरचा.

पुराचे दिवस

२०२४च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सुमारास बडोद्यात जो पाऊस झाला, तो इथल्या माणसांना आठवण करून द्यावा लागत नाही. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. समा, फत्तेगंज, अकोटा, वडसर, सगळीकडे घरांत पाणी. नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये आल्या.

त्या वेळी ओव्हनमध्ये एका कारखान्याचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता, ११ केव्हीचा, म्हणजे ११ हजार व्होल्टचा. सोमवारी, २६ तारखेला सकाळी तो चढवला होता. मंगळवारी पहाटे, म्हणजे वीसएक तास झाल्यावर, वीज गेली. ती आली बुधवारी दुपारच्या आधी.

मधल्या दीड दिवसात या टीमने जे केलं, ते मी दुसऱ्या कुठे पाहिलं नाही. भाऊंनी एकेकाला फोन लावून कोण कुठे अडकलंय ते विचारलं. चार जण चालत शेडमध्ये पोहोचले आणि इन्सुलेशनचा कागद, तांब्याच्या वायरचे ड्रम, टेस्टिंगची उपकरणं, सगळं वरच्या माळ्यावर चढवलं. शेडमध्ये पाणी घोट्यापर्यंतच आलं, पण ते आधी कोणाला ठाऊक होतं? वाइंडिंगच्या एका बेनचं कुटुंब दोन रात्री आमच्या ऑफिसात राहिलं. मालकाने सांगितलं नव्हतं, कोणी परवानगीही विचारली नव्हती.

दुसरा ओव्हन ऑपरेटर वडसरला अडकला. वीज आल्यावर भाईंनी ओव्हन पुन्हा सुरू केला आणि स्वतःची पाळी संपल्यावर त्याचीही पाळी केली. साठीकडे झुकलेला माणूस सलग सोळा-सतरा तास उभा.

काय बिघडलं

ट्रान्सफॉर्मर गुरुवारी, २९ तारखेला दुपारी ओव्हनमधून निघाला. तेल भरलं, टेस्ट झाल्या, ४ सप्टेंबरला लॉरीवर चढला. ७ तारखेला गणपती होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर ग्राहकाच्या मेंटेनन्सवाल्यांनी नेहमीप्रमाणे तेलाचा नमुना काढला. अडीच मिलिमीटरच्या फटीत तेल किती व्होल्टेज सोसतं, ती ही बीडीव्ही टेस्ट. आमच्याकडून जाताना आकडा ६० केव्हीच्या वर होता. आता ३०च्या खाली आला होता, आणि वापरातल्या तेलाला ३०च्या खाली कोणी चांगलं म्हणत नाही.

पहिला संशय ब्रीदरवर गेला. ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो तेव्हा बाहेरची दमट हवा सिलिका जेलमधून आत जाते. जेल ओलं झालं की निळ्याचं गुलाबी होतं. ग्राहकाने फोटो पाठवला. जेल अजून निळंच होतं. म्हणजे पाणी बाहेरून गेलेलं नव्हतं. ते आमच्याकडूनच आत गेलं होतं, कागदात दडून. ताजं, गाळलेलं तेल पहिल्या दिवशी उत्तमच दिसतं. लोड आल्यावर कॉइल तापते आणि कागद आपलं पाणी हळूहळू तेलात सोडतो. आमच्याकडे तेलाची टेस्ट पास झाली होती, ती याच कारणाने.

काही फुटलं नाही, कोणाला इजा झाली नाही. वेळेवर नमुना काढणाऱ्या त्या माणसाचे आभारच मानायला हवेत.

निर्णयाच्या चार जागा

आमची पहिली बैठक दहा मिनिटांत संपली. भाऊ म्हणाले, "चूक टीमची आहे, एकट्याची नाही." सगळ्यांनी मान डोलावली, चहा आला. कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही आणि मला ते क्षणभर फार आवडलं. घरी गेल्यावर लक्षात आलं की काय घडलं ते आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. टीमने ज्या मायेने एकमेकांना पुरात सांभाळलं, त्याच मायेने आता सत्यही झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ओव्हनचं रजिस्टर घेऊन बसले.

पहिली जागा बुधवारची, वीज आल्यानंतरची. कोर-कॉइल दीड दिवस थंड होत पडली होती आणि बाहेर हवा पाण्याने भरलेली. अशा वेळी मोजणी शून्यापासून सुरू करायला हवी. भाईंनी आधीचे वीस तास धरले आणि अठ्ठावीस तास बाकी आहेत असं मांडलं. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तारीख दिलेली होती ना, ताई."

दुसरी जागा त्या रात्रीची. एका पानावर मेगरचे चार आकडे होते, एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेले, सुबक चढत जाणारे. मागची पानं उलटली तर जुलैतल्या एका कामावर जवळजवळ तेच आकडे. ॲप्रेंटिसला बाजूला बसवून विचारलं. पोरगं रडायला लागलं. भाई पहाटे खुर्चीत झोपले होते. त्याने त्यांना उठवलं नाही. तापमान खरं बघून लिहिलं. मेगर लावायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून जुन्या पानावरून आकडे उतरवले. जागा रिकामी राहिली असती तर भाईंवर ठपका आला असता, एवढंच त्याच्या डोक्यात. लबाडी नव्हती त्यात. त्याने टीममध्ये जे पाहिलं होतं, तेच केलं होतं. दुसऱ्याचे वेढे पूर्ण करायचे आणि नाव त्याचंच ठेवायचं.

तिसरी जागा टेस्टिंगची. त्या मुलीने दहा मिनिटांचं रीडिंग भागिले एका मिनिटाचं, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स काढला. इन्सुलेशनमध्ये ओल असली की तो कमी येतो. तो १.२ आला. तेलात बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरला हा आकडा तितका पक्का नसतो, पण आमच्याकडे दीडच्या खाली आला की थांबून बघायची पद्धत होती. ती भाऊंकडे गेली. भाऊंनी रजिस्टर उघडलं, चढते आकडे पाहिले आणि म्हणाले, "भाईंनी वाळवलंय ना? पावसाळ्यात येतं असं. थई जशे (होऊन जाईल)." तिने पुढे ताणलं नाही. नंतर मला म्हणाली, "मॅडम, वीस वर्षांच्या माणसाच्या कामावर मी एका वर्षात शंका घ्यायची म्हणजे…" वाक्य तिने पूर्ण केलं नाही.

चौथी जागा माझी. माझ्यासमोर कागद आला तेव्हा त्यावर ऑपरेटर आणि सुपरवायझर अशा दोन सह्या होत्या. १.२ हा आकडा त्याच कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. मी तो वाचला, वरच्या दोन सह्या पाहिल्या आणि खाली माझी केली. भाऊंनी सही केली कारण भाईंची होती, आणि ते निश्चिंत होते कारण पुढे माझी होणार होती. प्रत्येक सही दुसऱ्या सहीला टेकून उभी होती. यंत्राकडे कोणीच पाहिलेलं नव्हतं.

आणि ती तारीख

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ४ सप्टेंबर ही तारीख कोणी मागितली होती, हे मी शोधायला गेले. भाई म्हणाले, भाऊंनी सांगितली. भाऊ म्हणाले, मालकांनी शब्द दिला होता. मालक म्हणाले, "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना गणपतीआधी मोकळं व्हायचंय, म्हणून मी काही बोललो नाही." शेवटी ग्राहकाला विचारलं. त्यांचं स्वतःचं यार्ड पुरात गेलं होतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांना ट्रान्सफॉर्मर नकोच होता.

जेरी हार्वे या अमेरिकी अभ्यासकाने १९७४ मध्ये अशाच एका प्रसंगावर लिहिलं आहे. टेक्सासमधल्या उन्हाळ्यात एक कुटुंब जेवायला म्हणून ५३ मैल ॲबिलीनला जाऊन येतं, आणि परतल्यावर कळतं की जायचं कोणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीच्यांना जायचंय. आमच्या शेडमध्ये नेमकं हेच झालं. भांडणारी टीम असती तर कोणीतरी ओरडून विचारलं असतं, ही तारीख आणली कोणी?

समोरचे पर्याय

मालकांचा पहिला विचार भाईंना घरी बसवण्याचा. राग समजण्यासारखा होता, पण त्याने काय झालं असतं? पुढच्या वेळी ॲप्रेंटिसने बोलायच्या आधीच पान बदललं असतं. मी याला सरळ विरोध केला.

दुसरा विचार चौथ्या सहीचा. बाहेरचा इन्स्पेक्टर आणायचा. हा पर्याय बराच वेळ चर्चेत राहिला, कारण ग्राहकाला दाखवायला तो बरा. पण तीन सह्यांनी जे केलं नाही, ते चौथीने कसं केलं असतं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

तिसरा विचार भाऊंचा. ट्रान्सफॉर्मर परत आणू, नीट वाळवू, विषय संपवू, कारण माणसं पुरात होती आणि असा पूर रोज येत नाही. यात तथ्य होतं. त्या रात्री कोणीही चुकलं असतं. पण पेनाने उतरवलेले आकडे पुरामुळे आले नव्हते. दुसऱ्याचं काम आपल्या हाताने करून त्याच्या नावावर टाकायची सवय आधीपासूनच होती. पुराने फक्त ती उघडी पाडली.

आम्ही ठरवलं की माणूस काढायचा नाही, सही वाढवायची नाही आणि विषयही संपवायचा नाही.

काय केलं

आधी ग्राहकाला खरं सांगितलं. तुमच्या ब्रीदरचा दोष नाही, आमचं वाळवणं अपुरं राहिलं. मालक याला सहजासहजी तयार नव्हते. भाऊंनीच त्यांना पटवलं, आणि फोनही भाऊंनीच केला. ट्रान्सफॉर्मर आमच्या खर्चाने परत आणला. तोपर्यंत ग्राहकाला भाड्याचा लावून दिला. पुन्हा वाळवताना मेगरचा आकडा स्थिर व्हायला तीन दिवस लागले.

मग कामाची पद्धत बदलली. तीन सह्या जाऊन एक राहिली, ज्याने मोजलं त्याचीच, मोजल्याच्या वेळेसह. रीडिंग राहिलं तर जागा रिकामी ठेवायची आणि बाजूला कारण लिहायचं. रिकाम्या जागेबद्दल कोणाला बोल लावायचा नाही, ही अट मालकांकडून लेखी घेतली. ओव्हन ठरावीक वेळेपेक्षा जास्त बंद राहिला तर मोजणी शून्यापासून. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटरनी ओव्हनसमोर उभं राहून शेवटचं रीडिंग एकत्र घ्यायचं. ॲप्रेंटिसला मेगर शिकवला. हे काम भाईंनी केलं, मी सांगितल्यावर, पण मनापासून.

टेस्टिंगच्या मुलीला लाल टॅग दिला. तो तिने लावला की यंत्र हलणार नाही, आणि काढायचा तो तिनेच. भाऊ किंवा मी नाही. भाऊ यावर दोन दिवस गप्प होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही गप्प राहिले असते. बारा वर्षं शेड चालवलेल्या माणसाला वर्षभराच्या मुलीने थांबवायचं, हे फक्त कागदावर सोपं आहे.

पुढे काय झालं

पहिल्या तीन-चार महिन्यांत रजिस्टर फार वाईट दिसू लागलं. रिकाम्या जागा, "झोप लागली", "मेगरची बॅटरी संपली", "विसरलो". मालक घाबरले. म्हणाले, टीम बिघडली. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात इस्पितळांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा तिलाही असाच उलटा आकडा दिसला होता. चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या. चुका जास्त होत नव्हत्या, तिथे माणसं त्या सांगायला घाबरत नव्हती. हे मी मालकांना समजावलं. ते पटलं की नाही, सांगता येत नाही, पण रजिस्टरवरून कोणाला रागावले नाहीत.

लाल टॅग माझ्या काळात तीनदा लागला. एकदा तो चुकीचा होता, मेगरची लीड, म्हणजे जोडायची वायरच खराब होती, आणि एक दिवस वाया गेला. त्या दिवशी भाऊंनी तिला एक शब्दही सुनावला नाही. माझ्या मते नवी पद्धत खरी उभी राहिली ती तिथे. दुसऱ्या वेळी टॅगमुळे एक ओलं काम खरोखरच थांबलं.

काही गोष्टी मात्र गेल्या. एकमेकांच्या पाळ्या न सांगता उचलणं कमी झालं. वाइंडिंगच्या बेन आता आपापल्या कॉइलवर आपापलं नाव टाकतात आणि कोणाचे वेढे सैल ते दिसतं, त्यामुळे त्या दोघींमध्ये पहिल्यांदा कुरबुर झाली. भाई दुपारचा डबा आमच्यात बसून खायचे, ते काही महिने ओव्हनजवळ एकटे खायला लागले.

वेगळं काय करता आलं असतं

भाईंशी मी आधी एकट्यात बोलायला हवं होतं. मी रजिस्टर सगळ्यांसमोर उघडलं. आकडे मला खुले हवे होते, पण त्या पानावर त्यांची झोपही लिहिलेली होती, सतरा तास उभ्या असलेल्या माणसाची. पुरात त्यांनी काय केलं ते त्याच बैठकीत, त्याआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते मला चार दिवसांनी सुचलं.

वीज आली त्या बुधवारी मी घरून फोनवर होते. "सगळं ठीक?" एवढंच विचारलं. "मोजणी कुठून धरलीत?" असं विचारलं असतं तर भाईंनी खरं सांगितलं असतं. खोटं ते कधीच बोलले नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नाही.

आणि तारखेचा एक फोन. ग्राहकाला, २८ ऑगस्टला.

पाळी उचलण्याचा प्रश्न मी असताना सुटला नव्हता. माणूस अडकला तर दुसऱ्याने उभं राहायला हवंच, पण सोळा तासांनंतर मेगर कोणी धरायचा? एक तोडगा असा निघाला की बदली करणाऱ्याने पाळी करावी, पण रीडिंगसाठी टेस्टिंगच्या किंवा सुपरवायझरच्या माणसाने रात्रीतून एकदा यावं. भाऊ म्हणाले, मी येईन. पुढच्या पावसाळ्याआधी मी ती नोकरी सोडली. त्या जूनमध्ये भाईंचा फोन आला होता, ॲप्रेंटिस कायम झाला हे सांगायला. रात्रीची पाळी आता तो एकटा करतो. मी विचारलं, मेगर? म्हणाले, "तोच लावतो. पहाटेचं रीडिंग घ्यायला भाऊ येतात, त्याच्याशी वाद घालतात आणि जातात."